धरणाच्या तलावावर पहिला गळ: डलूथच्या परिसरात मासेमारी सुरू करणाऱ्यांसाठी

मिनेसोटात नोकरीसाठी किंवा शिकायला आलेला मराठी माणूस पहिल्या उन्हाळ्यात कधीतरी रॉड विकत घेतो, तलावाच्या काठावर तीन तास उभा राहतो आणि रिकाम्या हाताने घरी येऊन दुकानातला गोठवलेला तिलापिया तळतो. मीही तेच केलं. तलावाचं नाव फिश लेक, आणि मासा एकही नाही. घरी सगळे आठवडाभर हसत होते.

चूक माशांची नव्हती. मी तलावाला तलाव समजले, तिथेच गाडी चुकली.

आधी पाण्याची पातळी बघा

फिश लेक डलूथच्या वायव्येला, गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. काठावर पाइन आणि बर्च, मध्ये बेटं, सकाळी लून पक्ष्याची हाक. सगळं कसं अनादी काळापासून असल्यासारखं दिसतं. पण हा धरणाचा फुगवटा आहे. बीव्हर नदीवर बांध घालून पाणी अडवलंय. इथून सुटलेलं पाणी क्लोके नदीला मिळतं, पुढे सेंट लुइस नदीत जातं आणि खाली थॉमसनच्या केंद्रात वीज तयार करतं. ते केंद्र १९०७ मध्ये सुरू झालं. आयलंड लेक, बोल्डर लेक, राइस लेक आणि व्हाइटफेस ही याच कुटुंबातली भावंडं. पाचही जलाशय मिनेसोटा पॉवर ही वीज कंपनी सांभाळते. राज्यातला मिलॅक्स हा नैसर्गिक तलाव १,३२,००० एकरांचा आहे. त्याच्यापुढे आमचा फिश लेक म्हणजे गावतळं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावर. त्यामुळे धरणाचं पाणी वर्षभर एका जागी थांबत नाही, हे मला खरं तर कळायला हवं होतं. उजनी पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात शेतीसाठी उतरते आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर डोकावतं. इथलं चक्र उलटं आहे. इथे पाणी उतरतं ते हिवाळ्यात. नद्यांना तेव्हा पाणी कमी असतं आणि विजेची गरज असते, म्हणून साठा हळूहळू सोडतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की तलाव पुन्हा भरतो. उन्हाळाभर पातळी त्या मानाने स्थिर ठेवतात.

हे माशांना कसं भोवतं ते बघा. हिवाळ्यात पाणी उतरलं की काठालगतचा उथळ पट्टा उघडा पडून गोठतो. त्यातल्या पाणवनस्पती आणि किड्यांच्या अळ्या मरतात. त्यामुळे नैसर्गिक तलावात जशी काठाला दाट गवताची झालर असते, तशी इथे बऱ्याच ठिकाणी नसते. नॉर्दर्न पाइक हा मासा बर्फ सुटल्या सुटल्या पाण्यात बुडालेल्या गवतावर अंडी टाकतो. त्या दिवसांत तलाव पुरेसा भरलेला नसला, तर ते गवत कोरडंच राहतं. वॉलाय, म्हणजे इथला सर्वांत मागणीचा मासा, अंडी टाकतो ती वाळू-गोट्यांच्या उथळ काठावर किंवा ओढ्याच्या मुखाशी. अंडी टाकल्यावर पाणी उतरलं तर ती उघडी पडतात. म्हणजे चार-पाच वर्षांनी तुमच्या गळाला काय लागणार, याचा निम्मा निकाल त्या एका एप्रिल-मेमध्ये लागलेला असतो.

कंपनी जलाशयांच्या पातळीचे आकडे लोकांसाठी जाहीर करते. निघायच्या आधी ते बघायची सवय लावा. हवामान तर सगळेच बघतात.

मग तळ बघा

राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात. त्यांच्या लेकफाइंडर या संकेतस्थळावर तलावाचं नाव टाकलं की खोलीचा नकाशा, बोट उतरवायच्या जागा, माशांची पाहणी आणि त्या तलावाचे खास नियम एकत्र मिळतात. नकाशावर तीन गोष्टी हुडका: जुन्या नदीचं पात्र, पाण्याखालचे उंचवटे आणि झाडांचे बुंधे असलेले भाग. पाणी अडवलं तेव्हा झाडं तोडली, पण बुंधे राहिले. बोटीचा पंखा मोडायला ते पुरेसे आहेत, पण क्रॅपी मासा त्यांच्याच आसऱ्याला थांबतो. बुंध्यांच्या भागात बोट अगदी हळू न्या. काठावरून गळ टाकणार असाल तर रस्त्यालगतचे पूल आणि दगडी भराव या नवशिक्यासाठी सर्वांत बऱ्या जागा. बांधाजवळच्या धोक्याच्या खुणांच्या आत मात्र जायचं नाही.

पाणी चहासारखं तपकिरी दिसेल. घाण नव्हे, आजूबाजूच्या दलदलीतल्या कुजलेल्या पाल्याचा तो रंग आहे. याचा थेट उपयोग होतो. वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्याला अंधुक उजेडात छान दिसतं आणि लखलखीत उजेड नकोसा होतो. स्वच्छ तलावात तो दिवसा खोल जातो आणि संध्याकाळी वर येतो. तपकिरी पाण्यात भर दुपारीही सात-आठ फुटांवर मिळू शकतो. सोनेरी, नारिंगी किंवा झगझगीत पोपटी जिग, म्हणजे डोक्याशी वजन जडवलेला गळ, वापरा. चंदेरी इथे फारसं चालत नाही, निदान माझं तरी नाही.

पाण्यात कोण किती

वॉलायसाठी सगळे येतात. गोड्या पाण्यातला असूनही मांस पांढरं, घट्ट, वास नाही. एक मादी वजनाच्या प्रत्येक पौंडामागे हजारोंनी अंडी देते, त्यातली बोटाएवढी होईपर्यंत जगणारी मोजकीच. पाणी ६ ते १० अंश सेल्सिअस असताना अंडी पडतात. त्यानंतर थंडीची लाट आली, खाद्य वेळेवर मिळालं नाही, की त्या वर्षीची पिढी जवळजवळ कोरी जाते. एखादं वर्ष मात्र असं साधतं, की पुढची सात-आठ वर्षं त्याच पिढीवर लोक मासे खातात. इथे वर्षातले पाच महिने पाण्यावर बर्फ असतं, त्यामुळे वाढ सावकाश. १४ इंचांचा वॉलाय चार-पाच वर्षांचा असू शकतो. भिगवणच्या बाजारातला झटपट वाढणारा चिलापी पाहून मोठी झालेली मी, मला हा हिशेब पचायला वेळ लागला.

यलो पर्च म्हणजे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा छोटा मासा. खायला चांगला, पण त्याचं खरं काम वॉलाय आणि पाइक यांना पोसणं. पर्च कमी झाला की वॉलाय बारीक होतो. व्हाइट सकर तळाशी चरतो आणि त्याला कोणी विचारत नाही. पण मोठ्या पाइकचं पोट त्याच्यावरच भरतं. पाइक स्वतः म्हणजे दातांनी भरलेला लांबलचक जबडा. माझा पहिला 'मोठा मासा' त्यानेच दोरा कापून नेला. हिसका, शांतता, आणि हातात सुरीने कापल्यासारखं दोऱ्याचं टोक.

ब्लूगिल या चपट्या, छोट्या माशाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लहान मुलांना घेऊन आलेले बहुतेक लोक यालाच पकडतात आणि नुकसानही इथेच करतात. जूनमध्ये नर उथळ पाण्यात जेवणाच्या ताटाएवढे गोल खळगे करतात. एकेका वसाहतीत असे कितीतरी खळगे शेजारी शेजारी असतात. मादीने अंडी घातली की नर त्यांच्यावर पहारा देतो आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. गळावरही. त्यामुळे त्या दिवसांत सर्वांत मोठे नर पटापट लागतात आणि बादली भरते. पण मोठे पहारेकरी गेले की लहान नरांना वाढत बसण्याचं कारण उरत नाही. ते कमी वयातच प्रजननाला लागतात आणि ताकद वाढीऐवजी तिकडे खर्च होते. काही वर्षांत तलावात ब्लूगिल भरपूर असतात, पण सगळे तळहाताएवढे. म्हणून जूनमध्ये मोठा नर लागला तर मुलाला दाखवा, फोटो काढा आणि सोडून द्या. सहा-सात इंचांचे पाच-सहा खायला पुरतात.

परवाना

१६ वर्षांखालच्या इथल्या रहिवासी मुलांना लागत नाही, बाकी जवळजवळ सगळ्यांना लागतो. राज्यात सलग ६० दिवस राहिलात की रहिवासी दर मिळतो. परवान्याचं वर्ष मार्च ते फेब्रुवारी असतं, त्यामुळे जानेवारीत घेतलेला परवाना दोनच महिने चालतो. ही चूक माझ्या ओळखीतल्या तिघांनी केली आहे. वॉलाय आणि पाइक यांचा हंगाम मेच्या मध्यावरच्या शनिवारी उघडतो आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो. क्रॅपी, ब्लूगिल, पर्च वर्षभर चालतात. उघड्या पाण्यात माणशी एकच गळ, बर्फावर दोन.

किती मासे ठेवायचे याचं राज्याचं सर्वसाधारण कोष्टक आहे. वॉलाय ६, त्यातला २० इंचांवरचा एकच, असा नियम मी वर्षानुवर्षं पाळत आले. ६ चे ४ करण्याची चर्चाही बरीच वर्षं कानावर येते आहे. क्रॅपी १०. पाइकसाठी २०१८ पासून राज्याचे तीन विभाग केलेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. यापैकी कशावरही माझ्या शब्दावर विसंबू नका. दर मार्चला नवी नियमपुस्तिका येते, ती फोनमध्ये उतरवून ठेवा आणि आपल्या तलावाचं नाव 'विशेष नियम' या भागात आहे का ते बघा. तलावावर अधिकारी येतात, मासे मोजतात, आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

सामान

दुकानदार बरंच काही दाखवेल. तुम्हाला लागतं ते एवढंच: साडेसहा फुटांचा मध्यम-हलका रॉड, साधं स्पिनिंग रील, ६ ते ८ पौंडांचा दोरा, एक अष्टमांश औंसाचे दहा-बारा जिग, दोन बॉबर (पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे), पाइकसाठी तारेचे दोन-तीन तुकडे, लांब नाकाची पक्कड आणि मोजपट्टी. बोटीत बसणार असाल तर प्रत्येकाला अंगात घातलेलं लाइफ जॅकेट, सीटखाली कोंबलेलं नव्हे. मेमध्ये इथलं पाणी इतकं गार असतं, की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत गारठून हात हलवेनासा होतो. वजनासाठी आणि जिगसाठी शिशाऐवजी टंगस्टन किंवा कथिल घ्या. पडलेलं शिसं लून पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात.

आमिषाला मे महिन्यात मिनो, म्हणजे बोटभर लांबीचे जिवंत मासे. जूनपासून जळू. हो, जळवा. गावाकडे पायाला चिकटली की मीठ टाकून काढायची, आणि इथे डझनावर पैसे मोजून विकत घ्यायची! मुलांबरोबर असाल तर गांडूळ आणि बॉबर, दुसरं काही नको.

पहिला दिवस

हंगाम उघडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे नवशिक्याचे. वॉलाय अंडी टाकून अजून उथळातच फिरत असतो. वारा ज्या काठावर येऊन आपटतोय, तो काठ धरा. उभं राहायला त्रास होतो, पण लाटांनी पाणी गढूळ होतं, छोटे मासे गोंधळतात आणि वॉलाय तिथेच जेवायला येतो. जिगला मिनो ओठातून टोचा, टाका, तळाला टेकू द्या. मग रॉडचं टोक सहा इंच उचला, पुन्हा टेकू द्या. वॉलाय हिसका देत नाही. ओल्या फडक्यात गळ अडकल्यासारखं जड लागतं. तसं लागलं की हलकेच ओढा.

जुलैत तो पाण्याखालच्या उंचवट्यांवर आणि जुन्या पात्राच्या कडेला सरकतो, तेव्हा काठावरून मिळणं कठीण. त्या दिवसांत बुंध्यांपाशी क्रॅपी शोधा, सूर्य मावळताना, बॉबरखाली आठ फुटांवर छोटा जिग.

मासा हातात घ्यायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मोजताना तोंड पट्टीच्या टोकाला टेकवून शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवा, तीच लांबी धरतात. गेल्या वर्षी माझ्या लेकाने असाच एक वॉलाय मोजला. शेपटी पसरलेली असताना पावणेवीस, चिमटीत धरल्यावर वीस आणि वर दोन रेघा. त्या दिवशी आमच्या बादलीत मोठा एक आधीच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पट्टीकडे. मासा परत गेला आणि गाडीत घरापर्यंत कोणी बोललं नाही.

पाहणीचे आकडे कसे वाचायचे

डीएनआरचे लोक काही वर्षांनी येऊन ठरलेल्या जागी जाळी रात्रभर लावतात आणि सकाळी उपसतात. लेकफाइंडरवर दिसतो तो 'दर जाळ्याला किती मासे' हा आकडा. ती तलावातल्या माशांची शिरगणती नाही. याच तलावाच्या जुन्या पाहण्यांशी आणि याच धाटणीच्या इतर तलावांशी ताडून बघायचा तो अंदाज आहे. काही माशांच्या कानातलं हाड काढून त्यावरची वलयं मोजतात, झाडाच्या खोडासारखी, आणि वय कळतं.

तुम्ही लांबीचं कोष्टक बघा. १० ते १२ इंचांचे वॉलाय खूप आणि बाकी तुरळक असतील, तर एक दणकट पिढी वर येते आहे. या वर्षी बारके लागतील, वैतागू नका, दोन वर्षांनी या. मोठेच मोठे आणि लहान कोणी नाही, असं असेल तर मागची काही वर्षं पिल्लं जगलेली नाहीत. त्या तलावातून मोठी मादी काढणं म्हणजे बियाण्याचं पोतं दळून खाणं.

दोऱ्यावरचा चिखल

ऑगस्टमध्ये रील गुंडाळताना दोऱ्यावर ओल्या कापसासारखे, किंचित टोचणारे गोळे दिसले तर तो शेवाळ समजून झटकू नका. ही काटेरी पाणपिसू, स्पायनी वॉटरफ्ली. युरोप-आशियातली, जहाजांच्या पाण्यातून ग्रेट लेक्समध्ये आली आणि बोटींबरोबर आमच्या तलावांत. ती सूक्ष्म जलजीव खाते, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या तोंडचा घास. तिची लांब काटेरी शेपटी लहान पिल्लांना गिळता येत नाही. मिनेसोटातल्या मोठ्या तलावांत जिथे ती शिरली, तिथे वॉलायची पिल्लं पहिल्या उन्हाळ्याअखेर लहानच राहतात असं दिसलं आहे. एकदा आली की काढता येत नाही.

म्हणून निघताना दोरा कोरड्या फडक्याने पुसा, बोटीचं बूच काढून पाणी सोडा आणि बूच काढलेलं ठेवूनच गाडी रस्त्यावर आणा, तसा कायदाच आहे. उरलेलं आमिष पाण्यात फेकू नका, कचऱ्यात टाका. दुसऱ्या तलावावर जायच्या आधी सगळं नीट वाळू द्या.

बर्फावर

स्वच्छ, नवा, काळपट बर्फ ४ इंच असेल तर पायी चालता येतं, छोट्या गाडीला ९ ते १० लागतात. पांढऱ्या, बर्फवृष्टीने फुगलेल्या थराची ताकद निम्मीच धरा. हे सगळे सांगतात. धरणाच्या तलावाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. खालून पाणी उतरत जातं, वरचा थर आधार सुटून खाली बसतो आणि काठाशी वाकून तडकतो. जानेवारीत मी लेकाच्या पुढे चालत होते. मध्यावर फूटभर बर्फ, लोकांच्या झोपड्या, ट्रक उभे. आणि काठापासून पाच पावलांवर तिरक्या लादीखाली माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला. खाली पाणी वीतभरच होतं, त्याखाली चिखल. पण बूट भरला आणि बाहेर उणे २० होतं. आता मी काठाच्या पट्ट्यात दर दोन पावलांना लोखंडी पहारीने ठोकून बघते, मळलेल्या वाटेनेच उतरते आणि पाण्यात पडलेच तर वर यायला बर्फात रुतवायचे दोन खिळे गळ्यात अडकवते. ओढ्याचं मुख, पूल आणि बांध यांच्या जवळ कधीच नाही.

घरी

मासा तलावावर कापू नका. ज्याला आकाराचा नियम आहे तो डोक्या-शेपटीसकट घरी न्या, म्हणजे वाटेत कोणी मोजायचा म्हटला तर मोजता येईल.

आणि किती खायचा, तेही आकारावरच. जमीन बुडते, वाळते, पुन्हा बुडते, तेव्हा तिथले जिवाणू पाऱ्याचं घातक रूप तयार करतात. ते छोट्या माशातून मोठ्यात साठत जातं. चरबी काढून ते जात नाही, कारण ते मांसातच असतं. गरोदर बायकांनी, मूल हवं असणाऱ्यांनी आणि १५ वर्षांखालच्या मुलांनी २० इंचांपेक्षा लांब वॉलाय आणि ३० इंचांपेक्षा लांब पाइक खाऊच नये, असं राज्याचं आरोग्य खातं सांगतं. लहान वॉलायही त्यांना महिन्यातून एकदाच. तलावागणिक सल्ला वेगळा असतो, तो लेकफाइंडरवरच मिळतो.

वॉलायच्या तुकड्यांना हळद, मीठ, काळं तिखट आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. पाइकला मधोमध इंग्रजी वायच्या आकाराच्या काट्यांची रांग असते, त्यामुळे घरातले नाकं मुरडतात. शेजारच्या आजोबांनी मला त्याचं व्हिनेगरमधलं लोणचं शिकवलं, आंबटात काटे विरघळून जातात. मासा कच्चाच मुरवायचा असल्यामुळे जंत मरावेत म्हणून आधी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो. मी त्यात मोहरी आणि लाल मिरच्या वाढवल्या. आजोबांनी एक तुकडा खाल्ला, लांबलचक घोटभर पाणी प्यायले आणि बरणी मात्र घरी घेऊन गेले.